दारातच प्रसन्न वाटतं

माणसाला झोप कुठं लागावी याला काही धरबंद नाही. यदुनाथ वालावलकरला ती दुपारी तीनच्या सुमाराला, स्वतःच्या भाड्याच्या फ्लॅटच्या दारात, तीन पायांच्या बाकड्यावर, मांडीत एक कुबट बूट घेऊन लागते आहे. बाकड्याला पाय खरं तर चार. खोक्यात चारच आले होते. स्क्रू मात्र तीन पायांपुरतेच निघाले, आणि चौथा पाय भिंतीला टेकून, आमंत्रण नसलेल्या पाहुण्यासारखा उभा आहे.

समोर साडेतीन बाय पाच फुटांची दारातली जागा. यदूने सकाळपासून तिच्यातून काय काय काढलं नाही. त्याला पाय दोन, चपला आणि बूट मिळून नग एकोणीस. एकोणीस ही विषम संख्या आहे, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं आणि लक्षात आल्यापासून त्याला बरं वाटत नाहीये. गेल्या दसऱ्याचं तोरण, हात लावताच तंबाखूसारखं चुरलं. एक दुधाची पिशवी. आतल्या दुधाचं पुढं काय झालं ते दुधालाच ठाऊक. आणि एक मोजा. तो उभा राहतो. कुणाच्याही आधाराशिवाय.

या सगळ्याच्या वर, खाली आणि मधोमध एक वास आहे. खवट. जुन्या तेलाचा, ओल्या बुटाचा, आणि तळाशी कशाचा तरी गोड. गोड आहे म्हणूनच त्याची जास्त शिसारी येते. तो चपलांच्या लोखंडी स्टँडमागून येतो. आधीच्या भाडेकरूने ते स्टँड भिंतीत बोल्ट ठोकून असं बसवलंय, की उद्या इमारत पडली तरी स्टँड उभं राहील. मागे चार बोटांची फट. तिथे उंदीर मेला असणार. जग इकडचं तिकडे झालं तरी त्या फटीत हात घालायचा नाही, हे यदूने सकाळीच ठरवलं आणि एक अगरबत्ती लावली. आता तिथे उंदराचाही वास येतो आणि मोगऱ्याचाही.

घाई अशासाठी, की संध्याकाळी सहाला कुडाळच्या गाडीने बाबा येताहेत. त्यांना दार बघायचंय. घर नाही, दार.

याच्या मुळाशी बाबांची थोरली बहीण, कुमूआत्या. तिने कुडाळच्या शाळेत चौतीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला, लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहिली आणि भावालाही शेवटपर्यंत चौथीतच ठेवलं. तिच्या प्रत्येक डब्यावर नाव घातलेलं असायचं. झाकणावर जागा पुरेना म्हणून नाव घालणाऱ्याने कु. कुमुदिनी रामकृष्ण वालावलकरचं ‘कु. कु. रा. वा.’ करून टाकलं, आणि तेव्हापासून सगळे भाचे तिला पाठीमागे कुकुरावा म्हणत. कुणी डबा परत केला नाही तर ती भांडायची नाही. पुढचा पदार्थ कागदात बांधून द्यायची. कुडाळात याहून मोठा अपमान नव्हता.

आठ महिन्यांपूर्वी ती डोळ्याच्या ऑपरेशनला शिबिराच्या गाडीतून कोल्हापूरला आली. ऑपरेशन झालं, गाडी सुटायला दोन तास होते, तर भाच्याचं नवं घर बघावं म्हणून रिक्षा करून इथे आली. लिफ्ट बंद. काळा चष्मा लावून, एका डोळ्याने, कठडा चाचपत ती तीन जिने चढली आणि तिने बेल दाबली. यदूने दार वीतभर उघडलं. त्या फटीतून त्याला आधी आत्या दिसली, मग तिच्या नजरेने स्वतःचं दार दिसलं. मोजा तेव्हाही उभा होता.

“आत्या, आत फार पसारा आहे गं,” तो म्हणाला. “आपण खाली चहा घेऊ.”

फटीतून तिने नारळाच्या वड्यांचा डबा आत दिला. तो त्याने मागे न बघता स्टँडवर ठेवला आणि तिला तीन जिने उतरवून टपरीवर चहा पाजला. निघताना ती म्हणाली, “बरं, जाते.”

आता, जाते म्हणायचं नसतं. येते म्हणायचं असतं. हे यदूला शिकवलं तिनेच. पहिलीत असताना तो एकदा ‘जातो’ म्हणून शाळेला निघाला, तर तिने त्याला फाटकातून परत बोलावून, पाटावर बसवून, घोटभर पाणी पाजून, ‘येतो’ म्हणायला लावून मग सोडला होता. शाळेला उशीर झाला म्हणून पुढे उठाबशाही तिनेच काढायला लावल्या. तीच बाई म्हणाली, जाते. आणि तीन आठवड्यांनी कुडाळच्या घरात सकाळचा चहा गाळता गाळता गेलीच.

मधे एकदा तिचा फोन आला होता. वड्या कशा झाल्या होत्या, तिने विचारलं. एकदम फक्कड, दोन दिवसांत संपवल्या, यदूने सांगितलं. खरं तर त्या दिवशी तो वर आला तेव्हा डबा स्टँडवर नव्हताच. टपरीवर राहिला असेल असं त्याने ठरवून टाकलं, कारण तसं ठरवलं की शोधावं लागत नाही.

आणि मग तेराव्याच्या पंगतीत बाबा शेजारी बसून, पानातलं काहीएक न खाता, म्हणाले की कुमू तुझ्या घराचं किती कौतुक करत होती. काय ते दार. बसून चपला काढायला छोटं बाकडं, किल्ल्यांना खुंट्या, पितळी घंगाळात पाणी आणि त्यात झेंडूची फुलं. म्हणाली, भाऊ, दारातच प्रसन्न वाटतं.

यदूच्या घशात तेव्हा जिलबी होती. ती अजून पुरती उतरलेली नाही.

म्हणून हे बाकडं, या खुंट्या आणि हे घंगाळ. मेलेल्या बाईने थापेत सांगितलेलं दार तो शब्दाबरहुकूम बांधतो आहे. बांधता बांधता मान कलंडते, मांडीतला बूट जड होतो, आणि बेल वाजते.

ही बेल नेहमीची नाही. शाळा सुटल्याची आहे, लोखंडी, लांबलचक. यदू उठतो आणि दार उघडतो. वीतभर.

बाहेर कुमूआत्या. काळा चष्मा, पिशवी, पाय अनवाणी. ती वारलेली आहे हे दोघांनाही ठाऊक आहे. पण दोघंही चांगल्या घरातली असल्यामुळे विषय कुणी काढत नाही.

“आत ये ना,” यदू म्हणतो.

“कुठून?” ती विचारते.

प्रश्न रास्त आहे. दोघांच्या मधली जागा आता साडेतीन बाय पाच उरलेली नाही. ती एसटीच्या मधल्या वाटेएवढी लांब झालीय, दोन्ही बाजूंना सीटा आहेत, गाडी फोंडा घाट उतरते आहे आणि प्रत्येक वळणाला एकोणीसच्या एकोणीस नग या टोकाकडून त्या टोकाकडे घसरतात. कुणीतरी खिडकीतून ओकलंय. ते खिडकीबाहेर गेलेलं नाही. आत्या पहिल्या सीटवर, हातात फूटपट्टी घेऊन बसलेली आहे. म्हणजे तशी ती अजून दाराबाहेरच आहे, फक्त बसली आहे. फूटपट्टीच्या टोकाने ती खाली दाखवते.

“हे काय?”

“मोजा.”

“कुणाचा?”

“माझा.”

“मग घाल.”

यदू घालतो. मोजा कोमट आहे. आतून ओला आहे, आणि अंगठ्याच्या जागी आधीच कुणीतरी आहे. ते सरकून जागा करून देतं. यदूच्या अंगावर काटा येतो, तो काटाही चिकट आहे. विषय बदलावा म्हणून तो विचारतो, “तिकडे कसं आहे गं?”

“शी,” आत्या म्हणते. एवढंच म्हणते आणि पुढचं वळण येईपर्यंत तोंड वाकडं करून बसते. मग तिला राहवत नाही. दार भलंथोरलं आहे म्हणे, नक्षी आहे, कमान आहे, आणि पायपुसणं नाही. एक नाही. सगळे राखेचे, चिखलाचे पाय घेऊन सरळ आत. तिने पहिल्याच दिवशी तक्रारवहीत लिहून दिलं. सात महिन्यांत शेरा आला, विचाराधीन.

“आणि चपलांना स्टँड?”

“चपला कुठून येणार?” ती म्हणते. “त्या तुमच्याकडेच राहतात ना सगळ्यांच्या.”

यदू वाकून बघतो. प्रत्येक सीटखाली एकेक जोड आहे, नीट, पुढे तोंड करून ठेवलेला. सीटा रिकाम्या. तो पटकन सरळ होतो आणि डोकं फळ्यावर आपटतं, कारण तो कुडाळच्या शाळेच्या व्हरांड्यात उभा आहे. जमिनीवर खडूने चौकोन आखलेत, चौकोनात एकेक चपलांचा जोड. एकाच चौकोनात घाण आहे. त्या चौकोनावर त्याचा हजेरी क्रमांक लिहिलाय.

आत्या खुर्चीत बसून प्रगतिपुस्तकं भरते आहे. दाराबाहेर, खुर्चीत. यदूच्या दाराचंही एक प्रगतिपुस्तक आहे. स्वच्छता, पुढे रेघ. टापटीप, पुढे रेघ. अगत्य, पुढे लांब रेघ, कागद फाटेस्तोवर. खाली शेरा: वर्तन प्रसन्न.

“हे कसं काय?” यदू विचारतो.

“ज्या पोराबद्दल चांगलं लिहिण्यासारखं काहीच नसायचं त्याला मी प्रसन्न लिहायची,” ती शाईचं बोट पदराला न पुसता यदूच्या शर्टाला पुसते. “आईबापांना बरं वाटतं. डबा कुठंय माझा?”

तर ती डब्यासाठी आलीय. यदूला वाटलं होतं, भेटायला.

“टपरीवर राहिला,” तो म्हणतो.

“तुझा उजवा कान हलला.”

“नाही गं.”

“वड्या कशा झाल्या होत्या?”

“फक्कड.”

आता दोन्ही कान हलताहेत, चांगले फडफडताहेत, आणि त्यांतून खवट वास येतो. यदू ते हातांनी दाबून धरतो. कानांना बुरशी लागलेली आहे.

“म्हणजे बघ,” आत्या हिशेबाचं गणित सोडवावं तशी सांगते, “मी न बघितलेल्या दाराचं कौतुक केलं. तू न खाल्लेल्या वड्यांचं. फिटंफाट.”

“मग तू रागावली नाहीस?”

“रागावले तर. तीन जिने चढले होते मी.” ती चष्मा काढते. एका डोळ्यावर अजून पट्टी आहे. “चौतीस वर्षं चाळीस-चाळीस पोरांचा शेंबूड पुसलाय या हाताने. एकाने तर माझ्या ओंजळीत ओकारी काढली होती, वर्गात पडू नये म्हणून मी ती बाहेर नेली. तुझ्या मोज्याला भिणार होते होय रे मी?”

यदूला बोलायचंय. तोंड उघडलं तर तो वास आत जाईल म्हणून तो ते मिटूनच ठेवतो, आणि मिटल्या तोंडाने, नाकातून, आठ महिने अडकलेलं विचारतो. तू जाते का म्हणालीस? तुला माहीत होतं का? माझ्यामुळे म्हणालीस का?

आत्या फूटपट्टी उचलते. व्हरांड्याच्या भिंतीत लोखंडी स्टँड आहे, त्यामागे चार बोटांची फट.

“घाल हात.”

“तिथे उंदीर मेलाय.”

“घाल.”

“आत्या, मला ओकारी येतेय.”

“तिला बरा येऊ देतोस,” आत्या म्हणते.

यदू हात घालतो. बोटं आधी जळमटात जातात, मग केसांच्या गुंत्यात, मग अशा कशात तरी, जे एके काळी कोरडं होतं. कोपरापर्यंत. आत ओलसर ऊब आहे, कुणाच्या तरी तोंडात असते तशी. खांद्यापर्यंत. बोटांना गार काहीतरी लागतं आणि त्याच्या पलीकडे मऊ, केसाळ, लिबलिबीत. ते दबतं आणि परत वर येतं. हात ओढून घ्यावा, दार लावावं, खाली जाऊन चहा घ्यावा. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, अनवाणी पावलं जिन्याकडे वळतात. यदूला मान वळवता येत नाही, कारण खांदा फटीत अडकलेला आहे.

“डबा ठेवून जाणारी बाई कधी बघितलीयस, गाढवा?” ती जिन्यातून विचारते.

आणि बाकडं बसतं. म्हणजे लावलेल्या तीन पायांपैकी एक मोडतो, आणि यदू जमिनीवर येऊन जागा होतो.

गाल नव्या पायपुसण्यावर. त्यावर ‘सुस्वागतम्’ लिहिलेलं आहे, आणि ‘स्वा’ बहुधा त्याच्या गालावर उमटलाय. उजवा हात खांद्यापर्यंत स्टँडच्या मागे. मुठीत गार, गोल काहीतरी. तो ते तिरकं करून, बोटांची सालं काढत, फटीतून बाहेर ओढतो.

स्टीलचा डबा. झाकण अर्धं निघालेलं, आणि यदूची दोन बोटं आत. आत ज्या काही एके काळी वड्या होत्या त्यांना केस आलेत. हिरवे, पांढरे, मधे मधे काळे. एखाद्या म्हाताऱ्याच्या कानातून येतात तसे. कडेने मुंग्या, त्याही मेलेल्या. खवट वास आता पूर्ण ताकदीने, अडथळ्याविना येतो. यदूला दोनदा उबळ येते. तिसऱ्यांदा येते तेव्हा तो झाकण बघतो. त्यावर टिंबाटिंबांनी कोरलेलं आहे: कु. कु. रा. वा.

उबळ तिथेच थांबते. आत जायचं की बाहेर यायचं, तिचं ठरत नाही.

तर तिने डबा ठेवला होता. जाते म्हणून, पण परत न्यायचा डबा ठेवून. कागदात बांधून दिलं नव्हतं.

बेल वाजते. नेहमीची. मोबाइलवर पाच चाळीस झालेत, आणि कुडाळची गाडी आयुष्यात पहिल्यांदा वेळेआधी पोचलेली आहे. सकाळी हे दार जसं होतं त्याहून आता वाईट आहे: मोडकं बाकडं, भिंतीत एकच खुंटी, तीही वाकडी, राख, पसरलेले एकोणीस नग. यदू सवयीने दार उघडतो. वीतभर. फटीत बाबांचा अर्धा चेहरा, खांद्याला पिशवी, जिने चढून लागलेली धाप.

“बाबा, आत फार...” यदूचं तोंड आपोआप सुरू होतं. पुढचे शब्द ओळीने उभे आहेत. पसारा आहे, आपण खाली चहा घेऊ.

तो दार पूर्ण उघडतो. दार घंगाळाला लागतं, घंगाळ आडवं होतं, झेंडूची फुलं वाहत जाऊन एका बुटात शिरतात.

“आत या,” तो म्हणतो. “घाण आहे.”

बाबा उंबऱ्यात उभे राहून सगळं बघतात. हळूहळू, डावीकडून उजवीकडे, परीक्षेला आलेल्या साहेबासारखं. मग वास त्यांच्यापर्यंत पोचतो आणि तोंडाचा चंबू होतो.

“आत्या आत आलीच नव्हती,” यदू म्हणतो. “मीच घेतली नाही.”

बाबा चपला काढतात. ठेवायला जागा शोधतात. नाही म्हटल्यावर उभ्या मोज्याच्या दोन बाजूंना एकेक ठेवतात.

“ठाऊक आहे मला,” ते म्हणतात. “प्रसन्न म्हणाली ना ती. ज्या पोराचं काहीच धड नसायचं, त्याच्या प्रगतिपुस्तकात ती...”

“वर्तन प्रसन्न,” यदू म्हणतो.

बाबा त्याच्याकडे वळून बघतात. “हे तुला कुणी सांगितलं? ती घरात आमच्या दोघांतच बोलायची.”

यदू डबा पुढे करतो. बाबा घेतात, झाकण काढून आत डोकावतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी काही किळस येते ती बराच वेळ जात नाही. डोळ्यांत पाणी येतं. ते वासाचंच असावं, कारण वास तेवढा आहेच. ते आणखी एकदा, नीट, खोल हुंगतात.

“वेलदोडा जास्त झाला होता,” ते म्हणतात. झाकण लावतात. बोटाने एकेक अक्षर चाचपतात. “घासून दे. मी घेऊन जाईन परत. आणि रिकामा नको देऊस, चिमूटभर साखर घाल, नाहीतर बोलेल.”

मग ते बाकड्याच्या धड बाजूवर, कडेला अंग चोरून, बसतात आणि बुटातली फुलं एकेक करून बाहेर काढायला लागतात.

यदू आत जाऊन डबा घासतो. राखेने घासतो, लिंबाने घासतो, गरम पाण्याने दोनदा विसळतो. मोरीच्या जाळीवर हिरवे केस अडकतात, ते त्याला हातानेच काढावे लागतात, तो काढतो. मधे एकदा ओकारी येते, तीही उरकून घेतो.

“गेला का रे वास?” दारातून बाबा विचारतात.

यदू डब्यात नाक घालतो.

“नाही,” तो म्हणतो. “येतोय.”